जाड मानेचा कांदा

राहुरीला पाटाखाली एक बागाईतदार राहत होता. मुळा धरणात 26 टीएमसी पाणी मावतं. धरण भरलं की त्याच्या उसाला आणि कांद्याला ददात नसे. वाडा होता, दारात दोन ट्रॅक्टर होते. बायको तेवढी नव्हती.

त्याची एक खोड होती. तो सगळ्यांवर विश्वास ठेवायचा. मुनीम म्हणाला खताच्या चाळीस गोण्या लागल्या, की लागल्या. गडी म्हणाला पोर आजारी आहे, की हजेरी मांडून सुट्टी. गावात लोक त्याला हसायचे. कामाला मात्र त्याच्याकडेच यायचे.

त्याच्या बांधाला लागून एका म्हाताऱ्यानं बटाईनं रान केलं होतं. म्हातारा वांबोरीच्या डोंगराकडचा, कोरडवाहू. त्याची मुलगी कुणावरच विश्वास ठेवायची नाही. दुकानातून आणलेलं तेल ती घरी पुन्हा मोजायची. पाटकरी म्हणाला उद्या पाणी सुटतंय, तर आधी स्वतः चारीवर जाऊन बघायची, मगच दारं धरायला निघायची. मजूर बायांची खुरपणी ती वाफ्यावाफ्यानं तपासायची, त्यामुळे बाया तिच्याकडे एकदा आल्या की पुन्हा येत नसत. तिला तरी काय बोलणार? ज्यांच्या आभाळानं दरसाल शब्द मोडला, त्यांच्या घरी असंच शिकतात.

चैत्रात कांदा निघाला. बागाईतदार एक भला मोठा कांदा घेऊन बांधावर आला.

“बघा, कसा पोसलाय!”

तिनं कांदा हातात घेतला. रंग बघितला नाही, आकार बघितला नाही. पात जिथं कांद्याला मिळते, तिथं अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला.

“मान जाड आहे,” ती म्हणाली. “युरिया जास्त झाला आणि पाणी उशिरा तोडलं. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी बंद करायचं असतं. कृषी विद्यापीठ तुमच्याच तालुक्यात आहे, कधी जाऊन विचारलं का? हा कांदा चाळीत टिकायचा नाही. आत्ताच विकून टाका.”

“मुनीम म्हणतो साठवा. दिवाळीला भाव येईल.”

“भाव येईल. तोवर कांदा राहील का?”

असं तोंडावर त्याला कुणी बोललं नव्हतं. आठ दिवसांनी त्यानं म्हाताऱ्याकडे मागणी घातली. म्हातारा हरखला. मुलगी म्हणाली, “थोरामोठ्यांची हौस चार दिवसांची असते. मला बघून घेऊ द्या.”

तिनं खरंच चौकशी केली. पाटकऱ्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं, ऊसतोडीच्या मुकादमालाही विचारलं. सगळे एकच म्हणाले, “माणूस भोळा आहे, कुणीही फसवावा.” तिला काही हे उत्तर पुरेना. फसवून घेणारा चांगलाच असतो असं थोडंच आहे?

मग एका रात्री अवकाळी आला. वीज कडाडली, वारा सुटला. म्हातारा आणि मुलगी कांद्याच्या ढिगावर ताडपत्री ओढू लागली. दोघांच्यानं ती आवरेना. हाक मारायची तरी कुणाला? तेवढ्यात बांधावरून बागाईतदार पळत आला आणि त्यानं ताडपत्रीचं एक टोक धरलं.

“तुमच्या कांद्यावर कोण आहे?” ती ओरडली.

“ठाऊक नाही. असेल कुणीतरी.”

“कुणाला सांगून आलात?”

“नाही.”

असला खुळा माणूस तिनं पाहिला नव्हता. झुंजूमुंजू झालं तशी ती त्याच्या रानात गेली. ढीग झाकलेले होते. ताडपत्रीच्या कडांवर हातभर अंतरानं दगड मांडले होते. तिनं एकेक कोपरा उचलून आत हात घातला. कांदा कोरडा होता. ढिगाच्या आडोशाला सात-आठ गडी गोणपाट पांघरून झोपले होते. ज्याचं पोर आजारी पडलं होतं, तोही होता. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

तरी तिनं होकार दिला नाही. “श्रावणात सांगते,” म्हणाली.

कांदा चाळीत भरायची वेळ आली. मुनीम म्हणाला, सगळाच भरा. ती म्हणाली, जाड मानेचा बाजूला काढा आणि विका. बागाईतदाराचा दोघांवरही विश्वास. त्यानं एक चाळ मुनिमाच्या म्हणण्यानं भरली. दुसरीसाठी कांदा तिला निवडू दिला आणि जाड मानेचा वांबोरीच्या बाजारात मिळेल त्या भावानं घातला.

श्रावणात चाळी उघडल्या. पहिल्या चाळीपाशी नाकाला पदर लावल्याशिवाय उभं राहवेना. खालून काळं पाणी ठिबकत होतं. दुसऱ्या चाळीतला कांदा हातात घेतला की खणखणीत वाजत होता.

बागाईतदार कितीतरी वेळ पहिल्या चाळीकडे बघत राहिला. मग चाळींच्या किल्ल्या काढून त्यानं तिच्यापुढे धरल्या.

“मला बघून घेता येत नाही,” तो म्हणाला.

“आणि मला हाक मारता येत नाही,” ती म्हणाली, आणि तिनं किल्ल्या घेतल्या.

म्हाताऱ्यानं विचारलं, “पोरी, एवढे महिने कशाला लावलेस?”

“पारख करावी, बाबा. पण पारख झाली की मग हात आखडू नये.”

तुळशीचं लग्न लागल्यावर त्यांचं लग्न झालं. मुनीम अजून तिथंच आहे. हिशेब तेवढा आता दोनदा होतो.