नेणणे कोणाचे?

धारवाडच्या पंक्तीत वाढणारा भाताचे पातेले घेऊन दुसऱ्यांदा समोर आला की पानावर हात आडवा येतो आणि एकच शब्द ऐकू येतो, ‘ओल्ले’. मराठीत याला आपण ‘नको’ म्हणू, आणि हुबळीच्या दखनी बोलणाऱ्या मोहल्ल्यांत मराठीचाच तो शब्द ‘नक्को’ होऊन नांदतो आहे. पण ‘नको’ आणि ‘ओल्ले’ यांची घडण एक नाही. ‘नको’चा ‘नकोस’, ‘नका’ किंवा ‘नकोत’ होतो, पण तो कोणाचा नकार हे बाहेरून सांगावे लागते. ‘ओल्ले’च्या शेवटातच ‘मी’ बसलेला आहे. तो नाकारत असेल तर ‘ओल्लनु’, ती असेल तर ‘ओल्लळु’, ते असतील तर ‘ओल्लरु’. जुन्या कन्नडमध्ये कोणताही धातू असा नकारात चालवता येई. जाणण्याचा धातू ‘अरि’, त्याचे मी नेणें ते ‘अरियेनु’, तो नेणे ते ‘अरियनु’, आम्ही नेणों ते ‘अरियेवु’. फर्डिनांड किटेल यांचे कन्नड व्याकरण १९०३ साली छापले गेले, त्यांच्या मोठ्या कोशानंतर नऊ वर्षांनी. त्यात काय किंवा इतर कोणत्याही जुन्या व्याकरणात काय, या रूपांविषयी जी गोष्ट नोंदलेली असते ती मला फार मोलाची वाटते. या रूपांना पुरुष आहे, वचन आहे, तिसऱ्या पुरुषात लिंगही आहे; फक्त काळ नाही. ‘अरियेनु’ म्हणजे मला कळले नाही, कळत नाही, कळणार नाही, हे तिन्ही. म्हणजे न जाणण्याला जाणणारा लागतो, पण घटका-पळे लागत नाहीत, असे ही रूपे दाखवतात. अज्ञानाविषयीचा एक जुना तात्त्विक वाद आपण क्रियापदाच्या या अंगाने पाहिला, तर त्यातली एक गाठ सुटते असे माझे म्हणणे आहे.

मराठीजवळही असेच एक क्रियापद होते, आणि आज ते जवळजवळ बोलण्यातून गेले आहे. ‘नेणणे’. मी नेणें, तू नेणसी, तो नेणे, आम्ही नेणों, ते नेणती. त्यावरून नेणवे, नेणिजे, नेणोनि, नेणता, नेणतेपण. वरवर पाहता हे ‘न’ आणि ‘जाणे’ यांचे जोडकाम दिसते, पण मग त्यातला ‘ज’ कुठे गेला? प्राकृतात शब्दाच्या पोटात आलेला ‘ज’ झिजतो, आरंभी असलेला टिकतो. ‘जाणे’मधला टिकला. ‘न’च्या मागे आलेला मात्र झिजला, ‘ण याणइ’ असे रूप झाले आणि पुढे ‘नेणे’. म्हणजे मराठी जन्माला येण्याआधीच लोकांच्या तोंडी नकार आणि जाणणे हे दोन शब्द उरले नव्हते. त्यांचा एक धातू झाला होता. इंग्रजीतही अगदी हेच घडले होते. जाणण्याचे त्यांचे जुने क्रियापद ‘विट’, वर्तमानात ‘वॉट’, भूतकाळात ‘विस्ट’. त्याला नकार चिकटून प्राचीन इंग्रजीत ‘न्यूतान’ झाले, आणि चौदाव्या शतकात चॉसर ‘नोट’ व ‘निस्ट’ अशी रूपे वापरत होता. १६११ च्या बायबलात ‘वॉट’ आणि ‘विस्ट’ आहेत, पण नकार सुटा झालेला आहे. या ‘वॉट’चे एक नवल म्हणजे तृतीय पुरुषी त्याला ‘स’ लागत नाही, ‘मी’ आणि ‘तो’ यांचे रूप एकच. आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे, कारण तो आपल्या ‘वेद’चा सख्खा भाऊ आहे. अहं वेद, स वेद. तिथेही रूप एकच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त ज्या क्रियापदावर संपते ते हेच, नकारासह: जो या सृष्टीचा अध्यक्ष आहे तोसुद्धा कदाचित जाणत नसेल.

आता वाद. अद्वैताचा सगळा डोलारा अविद्येवर उभा आहे, आणि तिच्याविषयी पहिला प्रश्न असा की ती आहे तरी काय? नैयायिक म्हणतात, अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव. रिकाम्या मडक्यात पाणी नाही, तसे. अद्वैती म्हणतात, नुसता अभाव झाकू शकत नाही आणि अविद्या तर झाकते, म्हणून ती भावरूप आहे. ती काहीतरी आहे असे म्हटले की लगेच दुसरा प्रश्न दारात उभा राहतो: ती राहते कुठे? वाचस्पती मिश्रांच्या भामती परंपरेने उत्तर दिले, जीवात. विवरण परंपरेने दिले, ब्रह्मात. जीवात म्हणावे तर जीव हाच मुळी अविद्येने झालेला, मग ती त्याच्याआधी कुठे होती? ब्रह्मात म्हणावे तर जे ज्ञानच आहे त्यात अज्ञान कसे? शेकडो वर्षे ही दोन घरे एकमेकांचे वासे मोजत राहिली. स्वतः शंकराचार्यांनी गीतेच्या तेराव्या अध्यायावरील भाष्यात हा प्रश्न येताच जे केले त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे मला वाटते. अविद्या कोणाची, असे विचारणाऱ्याला ते सांगतात: ज्याला दिसते त्याची, आणि ती दिसते आहे तर कोणाला हे विचारणे व्यर्थ आहे. हे उत्तर पुष्कळांना हुलकावणी वाटले आहे. मला ते अत्यंत नेमके वाटते, कारण त्यांनी नामाचे पुन्हा क्रियापद करून दाखवले. ‘अज्ञान’ हे नाम आहे, आणि नाम म्हटले की वस्तू, वस्तू म्हटली की जागा, मालक, आरंभ यांची चौकशी ओघानेच येते. ‘नेणें’ म्हटले की ‘कोण’ या प्रश्नाला उत्तर प्रत्ययातच मिळालेले असते. आश्रयाचा वाद नामाने उभा केला आहे. क्रियापदात तो उभाच राहत नाही.

यावर सरळ आक्षेप असा की व्याकरणातून तत्त्वज्ञान काढणे धोक्याचे. एखाद्या भाषेत काळ नसलेला नकार आहे म्हणून अज्ञान कालातीत ठरत नाही. ती प्रत्ययांची गरिबी असेल. शिवाय आजची मराठी ‘मला माहीत नाही’ म्हणते, आजचे धारवाडी कन्नड ‘ननग गोत्तिल्ल’ म्हणते, म्हणून काय या लोकांचे अज्ञान वेगळ्या जातीचे झाले? आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. रूपावरून वस्तू सिद्ध होत नाही, आणि कोणत्याही भाषेत कोणताही विचार करता येतो. पण मी वस्तू सिद्ध करत नाही, एक प्रश्न कुठून उगवला ते दाखवतो आहे. दुसरा भाग तर माझ्याच बाजूची साक्ष देतो. ‘मला माहीत नाही, तुला माहीत नाही, त्याला माहीत नाही’ यांत क्रियापद हलत नाही. कर्ता चतुर्थीत जाऊन बसला, नसलेली गोष्ट बाहेरची झाली, दुकानात माल नसावा तशी. गोदामात ती का नाही, कोणी पोचवली नाही, असे विचारता येते. एकमेकींशेजारी नांदणाऱ्या या दोन भाषांनी हा बदल सारखाच करावा, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. ‘मी नेणें’मध्ये ही पळवाट नाही. तिथे न जाणणे मी करतो आहे. दगडाविषयी ‘दगडाला ज्ञान नाही’ हे वाक्य खरे आहे आणि नैयायिकाच्या व्याख्येत ते चपखल बसते. पण दगड नेणत नाही. कवीने दगडाला नेणायला लावले तर आधी त्याला थोडे माणूस करावे लागते. मुलाला मात्र आपण सहज ‘नेणते’ म्हणतो, कारण ते उद्या जाणते होणार आहे. जो जाणू शकतो तोच नेणतो. अभावाच्या व्याख्येतून हा फरक निसटतो.

याहून जड आक्षेप मराठीच्या घरातलाच आहे. अमृतानुभवाचे सातवे प्रकरण ‘अज्ञानखंडन’, आणि ग्रंथातले सर्वांत विस्तृत प्रकरण तेच. अज्ञान नावाचे काही नाहीच, असे ज्ञानदेव तिथे बजावतात. अज्ञान ज्ञानाच्या आश्रयाने राहते म्हणाल तर ज्ञान त्याला राहू देणार नाही. ज्ञानावाचून राहते म्हणाल तर ते आहे ही साक्ष कोण देणार? मग ‘नेणणे’ला इतका मान कशासाठी? पण प्रकरणांचा क्रम पाहा. अज्ञानखंडनापाठोपाठ आठवे येते ते ‘ज्ञानखंडन’. दोन्ही नामे एकामागून एक खाली उतरवली जातात. आणि हाच लेखक ज्ञानेश्वरीत जाणे-नेणेची रूपे पदोपदी, सहज वापरतो. यात मला विसंगती दिसत नाही. त्यांनी मोडले ते अज्ञानाचे गाठोडे, जे कोणाच्या तरी घरी ठेवलेले असावे असे पंडितांना वाटत होते. नेणणारा त्यांनी मोडलेला नाही. तो मोडला असता तर जागे कोणाला करायचे होते? हुबळीच्या सिद्धारूढ मठात अद्वैताचे श्रवण करायला कानडी आणि मराठी माणसे शेजारी शेजारी बसत आली आहेत. त्यांना अविद्येचा पत्ता नको असतो, आपण नेणतो एवढे प्रथम पुरुषी कबूल करायचे असते, आणि श्रवणाला तेवढे पुरते. केनोपनिषदही आपल्याला कळले नाही असे जाणणाऱ्यालाच कळले असे मानते. तिथेही जोर क्रियापदावर आहे.

गाढ झोपेचा प्रसिद्ध दाखला इथे तपासून पाहण्यासारखा आहे. उठल्यावर माणूस म्हणतो, सुखाने झोपलो, काहीच कळले नाही. अद्वैती म्हणतो, ही आठवण आहे, म्हणून झोपेत अज्ञान अनुभवलेले होते. नैयायिक म्हणतो, आठवण कसली, जागेपणी केलेले अनुमान आहे. दोघांचेही भांडण भूतकाळाच्या प्रत्ययावर चालले आहे, त्या वेळी काय होते यावर. ‘अरियेनु’ म्हणणाऱ्याला ते भांडण लागू पडत नाही. तो काल रात्रीचा अहवाल देत नाही. रात्री, आता आणि पुढे, न जाणणारा मीच, एवढेच त्याचे म्हणणे आहे. यातून झोपेचे कोडे पूर्ण सुटले असा माझा दावा नाही. झोपेत ते न जाणणे पाहणारा कोण, हा साक्षीचा प्रश्न उरतोच, आणि तो अवघड आहे.

आज मराठीत या धातूचे जे रूप जोरात आहे ते ‘नेणीव’, मानसशास्त्राने नव्याने कामाला लावलेले. नाम पुन्हा परतले, आणि त्याच्या मागोमाग ती मनात कुठे असते हा प्रश्नही. क्रियापद तेवढे पोथ्यांत राहिले. तिथेही ‘मी नेणें’ आणि ‘तो नेणे’ यांत फरक एका अनुस्वाराचा आहे, आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुस्वार काढून टाकले. नव्या लेखनात ओळ उतरवली की टिंब जाते, आणि ते नेणणे माझे की त्याचे हे रूपावरून सांगता येत नाही. जुन्या छापाच्या पोथीत ते टिंब अजून आहे.