वाट सांगणारे यंत्र आणि प्रमाणविचार

जीपीएस यंत्र दोन विधाने करते: 'तुम्ही इथे आहात' आणि 'या वाटेने जा'. पडद्यावर ती एकत्रच दिसतात, त्यामुळे वापरणारा दोन्हींवर सारखाच विश्वास टाकतो. न्यायदर्शनाच्या कसोटीला लावली, तर ती दोन निराळ्या प्रमाणांची, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची, ठरतात.

पहिले विधान अनुमान आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतरे काढते आणि अंतरांवरून ठिकाण. उघड्या आभाळाखाली साध्या मोबाइललाही हे पाचेक मीटरच्या फरकाने जमते; त्यासाठी रेंज लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या दाट रानात पाने संदेश अडवतात आणि अनुमान ढिले पडते. ठिपका तेव्हाही दिसतोच, पण त्याभोवतीचे निळे वर्तुळ फुगते. यंत्र आपली शंका एवढ्यापुरतीच बोलून दाखवते, आणि नेमके तिकडेच कुणी पाहत नाही.

दुसरे विधान शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्या कुणाचे, इथे नकाशा करणाऱ्यांचे, सांगणे. भामरागडला जाणाऱ्या रस्त्यावरचा पर्लकोटा नदीचा जुना पूल पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली गेला आहे. नकाशातली रेघ मात्र पुरातही कोरडीच राहते. तिथे ठिकाण बरोबर असते आणि वाट चुकीची. प्रमाण ठरते ते आप्ताचे, म्हणजे भरवशाच्या माणसाचे, सांगणे. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यानुसार आप्त तो, ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. या हिशेबाने सकाळीच नाला ओलांडून आलेला माडिया आदिवासी गुराखी आप्त ठरतो, नकाशा ठरेलच असे नाही.

मग विश्वास कधी ठेवावा? मीमांसक म्हणतात, बाध येईपर्यंत, म्हणजे ते खोटे ठरेपर्यंत, ज्ञान खरेच धरावे. नैयायिक ते कृतीच्या यशावरून पारखतात. चंद्रपूर–मूल–गडचिरोली रस्त्यावरच्या चालकाला मीमांसकाची भूमिका परवडते: पाट्या आणि मैलाचे दगड चूक लगेच उघडी पाडतात. त्याला आधीच नकाशा उतरवून घेतलेला आणि आवाजात वळणे सांगणारा मोबाइल पुरतो. रानात पायी जाणाऱ्याने नैयायिक व्हावे. सेल बदलता येणारे, ओल्या हातानेही बटणे दाबता येतील असे हातातले यंत्र त्याला बरे. निघतानाच गावाचा पॉइंट साठवावा आणि ट्रॅक सुरू ठेवावा. नैयायिक स्मृतीला प्रमाणांत बसवत नाहीत. रानातून परतताना मात्र यंत्राची ही स्मृतीच नकाशाहून भरवशाची असते.

यंत्र मानावे की जाणत्याचे सांगणे, हाच वाद वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांतही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा दाव्यांत ग्रामसभेची माणसे हद्दीवरून चालतात, जाणती मंडळी खुणा दाखवतात आणि तिथे जीपीएसचे पॉइंट घेता येतात. वनहक्क नियमांतला नियम १३ वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन स्वतंत्र पुरावा मानतो आणि एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायला सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केले: उपग्रह-प्रतिमा व इतर तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्यांना पूरक असेल, त्यांची जागा घेणार नाही.