शिखर आणि पायथा

वऱ्हाडात हिम पडत नाही. पण कार्तिकातल्या पहाटे चिखलदऱ्याजवळच्या ११७८ मीटर उंच वैराट शिखरावर दवाने भिजलेले गवत पांढरे दिसते आणि वाटते, येथेच राहावे. रूपांतराच्या डोंगरावर पेत्रालाही तीन मंडप उभारावेसे वाटले होते. हा आनंद पाप आहे काय? खचितच नाही. परंतु प्रभू शिष्यांसह खाली उतरला, तेव्हा पायथ्याशी एक आजारी मुलगा व त्याचा व्याकूळ बाप वाट पाहत होते. मेळघाटातील कुपोषित बालकांचे मृत्यू १९९३ साली देशापुढे आले. ती गावे याच डोंगरांच्या कुशीत आहेत. दर्शन शिखरावर घडते, त्याची परीक्षा मात्र उतारावर होते. जो आनंद पायथ्याकडे धाडीत नाही, तो प्रार्थनेसारखा भासला तरी प्रार्थना नव्हे.