प्रारब्ध कुणाच्या पाठीवर ठेवायचे?



गळा थकला म्हणून कीर्तनसेवा थांबवली, पण एक चूक मनातून जात नाही. ती आज आपल्यापुढे ठेवतो.

बुटीबोरीजवळच्या एका गावी हरिनाम सप्ताह होता. सोळा-सतरा वर्षे झाली असतील. प्रारब्धाचे निरूपण रंगले होते. ओघात मी बोलून गेलो, की लेकरांची जन्मजात दुखणी म्हणजे आईबापांच्या मागच्या कर्माचा हिशेब. लोकांनी माना डोलावल्या. पुढे बसलेली एक बाई मात्र लेकराला कडेवर घेऊन मंडपाबाहेर गेली. आरतीनंतर परत आली आणि म्हणाली, "महाराज, याले सिकलसेल आहे. पाप आमचं असन, त हे लेकरू कायले भोगते? याचं जगनं म्हंजे निस्ती शिक्षाच काय?"

आळंदीत चार वर्षे शिकलो, पण माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मग मी जाणत्यांना विचारत गेलो. रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत संपते. पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला, दमणूक झाली, की दुखणे उसळते. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतो. त्याला कधी कधी ठाऊकही नसते. दूरच्या शहरांत या आजाराचे नावही अनेकांनी ऐकलेले नसते. आपल्या विदर्भात तो अनोळखी नाही, विशेषतः आदिवासी आणि दलित समाजांत.

हा गुण रक्तात इतका टिकला कसा? तर वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळते. जंगलपट्टीत तापाने लेकरे जात, तिथे या गुणाने कित्येक वाचली. म्हणजे मी ज्याला पाप म्हणालो, ती पूर्वजांची राखण होती. तिचा भार काही लेकरांच्या वाट्याला आला, इतकेच.

आता आपला संप्रदाय आठवा. संन्याशाची पोरे म्हणून आळंदीच्या भावंडांना मुंज नाकारली गेली. आईबापांनी देह सोडला, तरी पोरांवरचा ठपका गेला नाही. त्याच लेकरांत आपल्याला ज्ञानोबा माउली लाभली. लेकराला जन्मावरून दोषी धरणाऱ्यांच्या जागी त्या दिवशी मी बसलो होतो, आणि तेही माउलींचे नाव घेऊन.

आपण विचाराल, मग कर्मसिद्धान्त सोडायचा काय? नाही. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखासाठी आहे. तिथे तो धीर देतो. दुसऱ्याच्या दुःखावर ठेवला की त्याचा धोंडा होतो. शब्द तोच, पण कुणी कुणासाठी उच्चारला यावर त्याचे अमृत की विष ते ठरते.

पैठणला आसूड रेड्यावर पडला आणि वळ माउलींच्या पाठीवर उठले, ही कथा आपण चमत्कार म्हणून सांगतो. मला आता ती आचरणाची वाटते. सिकलसेलची कळ बाहेरून बहुधा दिसत नाही. कारखान्यात पाळी चुकली की लोक म्हणतात, सोंग करतो. शाळेत म्हणतात, आळशी आहे. त्याची कळ खरी मानणे, हा आपण आपल्या पाठीवर घ्यायचा पहिला वळ.

तो मुलगा आता विशीत आहे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेतो, पाण्याची बाटली सोडत नाही. सांजेला हरिपाठात टाळ धरतो. जमत नाही तेव्हा भिंतीला टेकून ऐकतो. एकदा मला म्हणाला, "दुखनं सहन होते महाराज. कोनी खोटं समजलं का सहन होत नाही." आईच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेकाने दिले. त्याचे जगणे शिक्षा नाही. आजाराने त्यातले काही हिरावले आहे, ते परत देणे आपल्या हाती नाही. पण जे आपण हिरावतो, ते तर आपल्या हाती आहे.

म्हणून पत्रिका जुळवण्याआधी रक्त तपासा, आणि वाहक निघाला म्हणून कुणा लेकीला हिणवू नका. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. 2047 पर्यंतचा संकल्प आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराची नोंद आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी संघटना उभारली; त्यांच्या नावे 2018 ची पद्मश्री आहे. दिंडीत असा कुणी असला, तर त्याला वाहनात जागा आणि वेळेवर पाणी द्या. वारी त्याचीही आहे.

मी त्या माउलीच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने पाणी दिले, बस म्हणाली.

तरुण कीर्तनकारांना हात जोडून एवढेच सांगणे: प्रारब्धाचे निरूपण करण्याआधी पुढे कोण बसले आहे, तेवढे पाहून घ्या.