टिकाऊपणा हा सद्गुण आहे काय?

कोणतीहि वस्तु विकत घेतांना ती किती दिवस टिकेल, हा प्रश्न आपण प्रथम विचारतों. टिकाऊ तें चांगलें, ही समजूत आपल्या संसारांत इतकी रुजली आहे कीं, तिजबद्दल शंका घेणारा उधळ्या ठरावयाचा. तथापि कांहीं वस्तूंचा टिकाऊपणा हाच त्यांचा दोष असतो. रोप वाढविण्याची लहान कुंडी ही त्यांपैकीं एक होय.

नागपुराच्या दक्षिण अंगास असलेलें हुडकेश्वर हें पूर्वीचें खेडें. आतां तेथें शेतांच्या जागीं घरें उभीं राहिलीं आहेत, आणि शेतीचा अवशेष म्हणून घरापुढें हातभर अंगण तेवढें उरलें आहे. अशा अंगणांत मिरची-वांगीं लावावयाचीं, तर मृगाच्या सरींपूर्वीं बीं लहानशा भांड्यांत रुजवावें लागतें. त्या भांड्याचें काम फार तर चार-सहा आठवड्यांचें. तेवढ्याकरितां आपण काळी प्लॅस्टिकची पिशवी वापरतों, आणि ती पुढें कित्येक पिढ्या मातींत पडून राहूं शकते. उलट, जुन्या वर्तमानपत्राची पट्टी पेल्याभोंवतीं गुंडाळून व बूड दुमडून केलेली कुंडी रोपासकट पुरली कीं कालांतरानें मातीच होते. मुळें तिच्या भिंती भेदून बाहेर पडतात. पिशवींत मात्र तीं अडून गोल फिरत राहतात.

यावर कोणी म्हणेल, एका घरानें वीस कुंड्या कागदाच्या केल्यानें जगाचें काय बदललें? महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून फेकावयाच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी झाली. तरीहि कचरा आहेच. हा आक्षेप पोकळ नाहीं. शिवाय कुंडीसाठीं नवा कागद विकत आणणारा, किंवा लवकर न कुजणाऱ्या करवंटींतच रोप पुरून त्याच्या मुळांना कोंडणारा मनुष्य केवळ आपल्या मनाचें समाधान करीत असतो.

परंतु या कृतीचें मोल कचऱ्याच्या वजनांत शोधूं नये. कागदी कुंडी आपल्याकडून लक्ष मागते. वैशाखांत नागपुरीं पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, तेव्हां ती पाहतां पाहतां सुकते. लावणीच्या वेळीं तिची कड मातीवर उघडी राहिली, तर ती मुळांजवळची ओल शोषून वाऱ्यावर उडवून देते. म्हणून रोज पाणी घालावें लागतें, कड नीट पुरावी लागते. प्लॅस्टिकची पिशवी आपले हे श्रम बऱ्याच अंशीं वांचविते, हें खरें. पण त्या सोयीचें देणें आपण फेडीत नाहीं. जीं मुलें अजून जन्मलीं नाहींत, त्यांच्या नांवावर तें आपण मांडून ठेवतों, आणि त्यांची संमति घेण्याचा कांहीं मार्ग नाहीं.

नवरात्रांत घट बसवितांना पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरण्याची रीत आपल्या घरोघरीं आहे. नऊ दिवसांचें काम संपलें कीं पानें मातीस मिळतात. तीं टिकलीं नाहींत म्हणून त्यांना कोणी हलकें मानीत नाहीं. पूल टिकावा, विहीर टिकावी, घर टिकावें. कारण त्यांचें काम पिढ्यांचें आहे. ज्याचें काम महिन्याचें, त्यानें महिन्यानें जागा सोडावी. वस्तूचें आयुष्य तिच्या कामाएवढें असावें, हा न्याय अंगणांतल्या मिरचीच्या रोपापाशीं शिकतां येतो, आणि त्याला फक्त कालचें वर्तमानपत्र पुरतें.