परसातील औषध आणि कायद्याचे दार

औषध कोणी निर्माण करावे, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. परसदारी अडुळसा होता, कुंपणाशी कोरफड होती, आजीच्या हाताशी हळद होती, त्या काळी औषध आणि अंगण यांत अंतर नव्हते. पुढे औषध दुकानात गेले, पत्र्याच्या आणि काचेच्या वेष्टनांत बंद झाले, आणि ते योग्यच झाले. मात्रा ठरली, भेसळ तपासली जाऊ लागली, मुलाबाळांचे प्राण वाचले. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत कॅनडा देशात एक उलटा प्रवास घडला आहे. तेथे सहस्रावधी आजारी माणसांनी औषधाची कुंडी पुन्हा घरात आणली. आणि त्या कुंडीत जे रोप आहे, त्याला आपल्याकडे गांजा म्हणतात. वाचकांनी दचकून पान उलटू नये. आम्ही येथे व्यसनाची भलामण करण्यास बसलेलो नाही. ज्या वस्तूने निरोगी माणसाचे चित्त भ्रमते, तीच वस्तू पीडिताने स्वतःच्या हाताने पिकवून औषध म्हणून घेतली, तर नीतीच्या दृष्टीने तिला काय म्हणावे, आणि कायदा आडवा आला असता त्याने काय करावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मराठीने या झाडाला तीन नावे दिली आहेत. पान ती भांग, मादी झाडाचा वाळवलेला फुलोरा तो गांजा, आणि त्याच्या चिकापासून होतो तो चरस. तिन्ही शब्दांना अपकीर्तीचा वास आहे. तरीही १८३९ साली कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरांनी धनुर्वाताच्या आणि झटक्यांच्या रुग्णांवर याच वनस्पतीचा प्रयोग करून त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि युरोपच्या वैद्यकाला तिची ओळख करून दिली. म्हणजे जी गोष्ट आज पश्चिमेकडून नवी म्हणून येते, ती एकेकाळी येथूनच तिकडे गेली. शब्दाची बदनामी आणि वस्तूची उपयुक्तता यांचा निवाडा वेगवेगळा करावा लागतो. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला प्रथम हेच शिकविले गेले होते.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची एक शाखा बरीच वर्षे ऑन्टारियो प्रांतात स्थायिक आहे. त्या घरातील मातेला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होता. पायांचे स्नायू लाकडासारखे ताठ होत, रात्री झोप येत नसे. डॉक्टरांनी इतर औषधे देऊन पाहिल्यावर दिवसाला दोन ग्रॅम गांज्याची लेखी शिफारस केली. तेथील नियमांप्रमाणे रुग्णाला स्वतः लागवड जमत नसेल, तर त्याने नेमलेल्या व्यक्तीला नोंदणी करून ती करता येते. त्याप्रमाणे थोरल्या मुलाने हे काम पत्करले. त्याने आम्हांला लिहिले, "फादर, मी पहाटे उठून झाडांना पाणी घालतो आणि तसाच मिस्साला जातो. यात काही विसंगती आहे का, ते तुम्ही सांगा." त्याच्या पत्रांतून आम्हांला या शेतीची जी माहिती मिळाली, ती आमच्या वाडीवाल्या वाचकांना समजण्यास मुळीच अवघड जाणार नाही.

बी पेरण्याऐवजी तो कलम लावतो. हापूसची कोय रुजवली म्हणून हापूस मिळतोच असे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तसेच येथेही आहे. बियांतून निम्मी झाडे नर निघतात, ती फुलोऱ्याच्या कामाची नसतात, आणि दोन बियांच्या झाडांचा गुण सारखा नसतो. म्हणून एका पारखलेल्या मादी झाडाची कोवळी फांदी पेराखाली छाटून दमट हवेत ठेवायची; आठवडा-दोन आठवड्यांत तिला मुळे फुटतात. हे रोप मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. रुग्णासाठी याचे मोल मोठे आहे, कारण आज घेतलेल्या औषधाचा जो परिणाम झाला, तोच सहा महिन्यांनी होईल अशी थोडीशी तरी खात्री त्यामुळे मिळते. मग काही आठवडे दिव्याखाली दिवसाचे अठरा तास प्रकाश द्यायचा, म्हणजे झाड वाढीला लागते. पुरेसे वाढले की प्रकाश बारा तासांवर आणायचा. रात्र लांबली असे समजून झाड फुलोरा धरते. या काळात रात्री चुकून दिवा लागला तरी फुलोरा बिघडतो. दोनेक महिन्यांनी तुऱ्यांवरील टाचणीच्या डोक्यासारख्या बारीक ग्रंथी भिंगातून पाहायच्या: आधी त्या काचेसारख्या स्वच्छ असतात, पुढे दुधाळ होतात, नंतर तांबूस. दुधाळ झाल्या की कापणी. त्यानंतर अंधाऱ्या, हवा खेळत्या खोलीत आठवडाभर किंवा थोडे अधिक सावकाश वाळवणे, आणि मग काचेच्या बरण्यांत भरून पहिले काही दिवस रोज झाकण उघडून हवा देणे. घाई केली तर बुरशी धरते, आणि ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशा रुग्णाच्या फुप्फुसांना ती बुरशी जिवावर बेतू शकते. कच्च्या पानाफुलांत नशेचा अंश जवळजवळ नसतो. उष्णता मिळाल्यावरच तो जागा होतो. त्यामुळे माता ते तेलात मुरवून मोजून घेत असे. तिला धूर सोसत नव्हता.

एका ग्रॅमामागे घरातील लागवडीला पाच रोपे, असा तेथील हिशेब आहे. म्हणजे दोन ग्रॅमांना दहा. या दहा झाडांची देखभाल म्हणजे गोठ्यात दुभते जनावर ठेवण्यासारखे आहे. लग्नाला गेलात तरी कुणीतरी मागे राहिले पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. ही परवानगी कोणा मंत्र्याच्या दयाबुद्धीने मिळाली नाही. टोरॉंटोचे टेरी पार्कर बालपणापासून अपस्माराचे रुग्ण होते. मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या, औषधे झाली, पण झटके पूर्णपणे थांबेनात. गांज्याने ते आटोक्यात येतात असा त्यांना अनुभव आला. विकत घेण्याचा कायदेशीर मार्ग नव्हता, म्हणून ते घरीच झाडे लावीत. १९९६ मध्ये पोलिसांनी झाडे जप्त करून त्यांच्यावर खटला भरला. ३१ जुलै २००० रोजी ऑन्टारियोच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, आजारी माणसाला औषध आणि तुरुंग यांतून एक निवडायला लावणे हा त्याच्या स्वातंत्र्यावर आणि देहाच्या सुरक्षिततेवर आघात आहे. पुढच्या वर्षी सरकारने वैद्यकीय परवान्याचे नियम केले. २०१४ मध्ये सरकारने घरगुती लागवड बंद करून सर्वांनी परवानाधारक उत्पादकांकडूनच खरेदी करावी असे ठरविले; ज्यांची कमाई आजारपणाने थांबली होती, अशा अनेकांना तो भाव परवडेना. फेब्रुवारी २०१६ मध्ये संघीय न्यायालयाने ती बंदी मनमानी ठरवली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागवडीचा हक्क पुन्हा मिळाला.

पार्कर यांनी २००० सालापूर्वी जे केले, ते पाप होते काय? कायद्याने गुन्हा होता हे निर्विवाद आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी या संदर्भात एक दाखला दिला आहे. नगराला वेढा पडला असता दरवाजे बंद ठेवावेत असा कायदा आहे. तो नगराच्या हितासाठी आहे. परंतु नगराचेच रक्षक शत्रूच्या पाठलागातून पळत दाराशी आले, तर दार उघडणे हे कायद्याच्या शब्दाविरुद्ध असले तरी कायद्याच्या हेतूला धरून आहे. पार्कर यांचे रोप हे त्या रक्षकासारखे आहे असे आम्हांला वाटते. अमली पदार्थांचा कायदा माणसाची बुद्धी आणि देह यांचे रक्षण व्हावे म्हणून झाला. ज्याला झटक्याने जमिनीवर फेकले जाते, त्याच्या बाबतीत कायद्याचा शब्द त्या देहाच्याच विरुद्ध उभा राहिला.

पण संत थॉमस तेथेच थांबत नाहीत, आणि उत्साही वाचक नेमके पुढचे वाचायचे विसरतात. संकट जर असे तातडीचे नसेल की वरिष्ठांना विचारायला वेळच नाही, तर प्रत्येकाने आपापल्या मताने कायद्याचा अर्थ लावू नये. ते काम सत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांचे, असे ते बजावतात. अपस्माराचा झटका तातडीचा आहे, अपस्मार मात्र आयुष्यभराचा आहे. म्हणून पार्कर यांनी गुन्हा नाकारून पळ काढला नाही, न्यायालयात उभे राहून कायद्यालाच प्रश्न विचारला, ही गोष्ट आम्हांला झाडे लावण्याइतकीच महत्त्वाची वाटते. दाराआड उगवलेले झाड त्यांनी उजेडात आणले. कॅथलिक धर्मशिक्षा ग्रंथात अमली पदार्थांच्या चोरट्या उत्पादनाचा कठोर निषेध आहे, आणि त्याच परिच्छेदात निव्वळ उपचारासाठी केलेला वापर वगळलेला आहे. उपचार खरा, पण उत्पादन चोरटे, असा पेच त्या वाक्यांच्या मधल्या जागेत उभा राहतो. तो सोडवायचा असेल तर चोरटेपण काढून टाकणे हाच मार्ग. आणि ते कायद्यानेही केले पाहिजे, केवळ रुग्णाने नव्हे.

काही भाविक म्हणतील, दुःख सोसण्यात पुण्य आहे, मग हा खटाटोप कशाला? स्वतःचे दुःख क्रुसाशी जोडणारा माणूस आम्हांला वंद्य आहे. परंतु दुसऱ्याच्या दुःखाचे पुण्य आपण ठरवून देणे ही मोठी सोयीस्कर भक्ती आहे. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना वेदनाशमनासाठी गुंगी आणणारी औषधे देणे नीतीला धरून असल्याचे स्पष्ट केले. वेदना शमवणे हाच हेतू असेल, दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाची इतर कर्तव्ये पार पडत असतील, तर आयुष्य काहीसे घटण्याचा संभवही त्यांनी आड येऊ दिला नाही. अफूच्या औषधांबाबत जे मान्य झाले, ते गांज्याला निव्वळ नावामुळे नाकारता येणार नाही.

मात्र गुणाचा दावा गुणाइतकाच असावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने जानेवारी २०१७ मध्ये सर्व संशोधनाचा आढावा घेतला. केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्या, प्रौढांच्या दीर्घकालीन वेदना आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधील ताठरपणा, एवढ्यांसाठी भक्कम आधार सापडला. बहुतेक इतर दाव्यांसाठी नाही. २०१८ मध्ये याच वनस्पतीतील, नशा न आणणाऱ्या कॅनाबिडायॉल या घटकाचे शुद्ध औषध बालकांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी अमेरिकेत मान्य झाले. याउलट तरुणांच्या मेंदूला आणि मनाला या वनस्पतीपासून होणारा अपायही त्याच आढाव्यात नोंदलेला आहे. कर्करोग बरा होतो म्हणून तेलाच्या बाटल्या विकणारे आपल्याकडेही भेटतात. ते रुग्णाच्या आशेवर व्यापार करतात. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात सर्वच प्रौढांना हा पदार्थ खुला झाला. आमच्या मते यामुळे रुग्णाचा प्रश्न सोपा न होता अधिक अवघड झाला, कारण आता औषधी कुंडी आणि करमणुकीची कुंडी शेजारी शेजारी उभ्या आहेत. जून २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी करमणुकीच्या अमली पदार्थांना कायदेशीर करण्यास विरोध केला होता. तो आम्हांला आजही योग्य वाटतो.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने परवान्यावाचून गांज्याचे झाड लावणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हा लेख वाचून कोणी कुंडी आणू नये. पण त्याच कायद्याचा दुसरा परिणाम येथे सांगितला पाहिजे. त्याच्या जाचक परवान्यांमुळे इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण तळमळत गेले. १९९३ साली कोझिकोडला वेदनाशामक सेवेची संस्था सुरू करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायदा सुधारला. तेथेही नगराचे दार बंद होते आणि रक्षक बाहेर होते. रुग्णाभ्यंगाचे पवित्र तेल घेऊन आम्ही ज्या घरांत गेलो, त्यांतील किती घरांत एका गोळीची उणीव होती, हे आम्ही पाहिले आहे. आपल्या समाजाने गांज्याची चर्चा करण्यापूर्वी जवळच्या इस्पितळात मॉर्फिन मिळते का, याची चौकशी करावी.

त्या मुलाला आम्ही उत्तर पाठवले की, झाडांना पाणी घालणे आणि मिस्साला जाणे यांत विसंगती नाही. पण तीन गोष्टी विचारल्या. खोलीला कुलूप आहे का, कारण घरात शाळकरी मुले होती. डॉक्टर दर वर्षी मात्रा तपासतात का. आणि पीक गरजेपेक्षा जास्त आले तर त्याचे काय होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येण्यास वेळ लागला. दहा झाडांना वर्षातून तीन बहर आले की बरण्या उरतातच, आणि पाठीच्या दुखण्याने बेजार असलेल्या शेजाऱ्याने एक बरणी मागितली होती. पैसेही देऊ केले होते. मुलाने ती दिली नाही, पण नाही म्हणताना आपल्याला लाज वाटली असे त्याने लिहिले. आम्ही कळविले की लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही, मात्र शेजाऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन जाण्याइतकी सवड त्याने काढावी. तो घेऊन गेला.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने माता वारली. झाडे तेव्हा फुलोऱ्याच्या तिसऱ्या आठवड्यात होती. रुग्ण गेला की नोंदणीही संपते. अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी त्याने दिवे बंद केले, झाडे मुळापासून उपटली, सरकारी सूचनेप्रमाणे पाण्यात कालवून मांजराच्या वाळूत मिसळली आणि कचऱ्याच्या गाडीत दिली. बरण्यांचेही तसेच केले. कुंड्या मात्र ठेवल्या आहेत. त्यांत काय लावावे हे अद्याप ठरलेले नाही, बायको कोथिंबीर म्हणते.