वेळ आली, की वेग आला?

गल्लीच्या तोंडाशी भरधाव दुचाकीचा आरसा एखाद्या आजोबांच्या कोपराला चाटून गेला, की आसपासचं कुणीतरी हमखास म्हणतं, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." आजोबा वाचले नाहीत तर वाक्य थोडं बदलतं : "वेळच आली होती हो त्यांची." दोन्ही वाक्यांत गाडी नाही, गाडी चालवणारा नाही, रस्ता तर नाहीच. २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, असं केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. एवढ्या जणांची वेळ रस्त्यावरच कशी येते, हे तेराव्याला जमलेल्यांपैकी कुणी विचारत नाही.

जैन विचारात मात्र याच्या मुळाशी जाणारा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला आहे. साधूने चालावं कसं, याचाच तिथे एक नियम आहे, ईर्यासमिती. पुढची चार हात जमीन नजरेने पाहत, सावकाश, पायाखाली जीव येणार नाही अशा बेताने पाऊल टाकायचं. पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू वाढतात, म्हणून चातुर्मासात विहारच बंद. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्याही इथे फार उपयोगी आहे. नुसता जीव गेला की हिंसा झाली, असं ते म्हणत नाहीत. प्रमादाने, म्हणजे बेफिकिरीने जीव घेतला, तर ती हिंसा. पुढच्या आचार्यांनी हे आणखी ताणलं : सावध साधूच्या पायाखाली चुकून मुंगी आली तरी त्याला दोष नाही, आणि बेसावध चालणाऱ्याकडून एकही मुंगी मेली नाही तरी तो दोषीच.

हे दुसरं वाक्य मोटारवाल्याला पचायला जड जातं. शाळेसमोरून साठच्या वेगाने गेलो, कुणाला खरचटलंही नाही, मग बिघडलं काय? पदार्थविज्ञान इथे आचार्यांच्या बाजूने उभं राहतं. ताशी चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर कापते; साधूची ती चार हात जमीन पापणी लवते न लवते तोच मागे पडते. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, तीसचे पन्नास झाले तरी ती जवळजवळ पावणेतीन पट. कुणी आडवं आलं नाही हे नशीब. त्याचं पुण्य चालवणाऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही.

पण प्रमाद फक्त चालवणाऱ्याचाच असतो का? खरी गाठ इथे आहे. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं टाकतात, हात जोडतात आणि पुढच्याच वळणावर ओव्हरटेक करतात. माणसाचं अवधान असं क्षणभंगुर आहे, ही काही गुप्त गोष्ट नव्हे. मग हे ठाऊक असूनही वस्तीतून सरळसोट, रुंद, गुळगुळीत रस्ता काढणाऱ्या अभियंत्याला, तो मंजूर करणाऱ्याला आणि त्याच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवणाऱ्याला ईर्यासमिती लागू होते की नाही?

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली उत्तर दिलं : होते. 'व्हिजन झीरो' नावाने ओळखलं जाणारं ते धोरण म्हणतं, की माणूस चुकणारच. चूक झाली तरी जीव जाणार नाही असा रस्ता बांधणं हे बांधणाऱ्याचं काम. प्रवासातली वाचलेली मिनिटं एका पारड्यात आणि गेलेले जीव दुसऱ्या पारड्यात, हा हिशेब रस्ते आखणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. स्वीडनने तो तराजूच नाकारला. यावर टीकाही झाली. एकही मृत्यू नको, तर गाड्याच बंद करा की! आक्षेप चलाख आहे, पण पोकळ. गाड्या बंद करा असं कुणीच म्हणत नव्हतं. माणसाच्या हाडामांसाला जेवढा आघात सोसतो, तेवढाच वेग वस्तीत असावा, एवढंच म्हणणं होतं. माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ताशी तीस, हा आकडा २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही आला.

नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न आईबापांनी रस्त्यावर आणला. १९७१ साली त्या छोट्या देशात वाहतुकीत चारशेहून अधिक मुलं दगावली. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून पुढच्या वर्षी चळवळ उभी राहिली. तिचं नाव 'मुलांच्या हत्या थांबवा'. अपघात नव्हे, हत्या! उमास्वातींचं नाव त्यांनी ऐकलेलं असण्याची शक्यता कमीच, पण शब्द निवडला तो अगदी उमास्वातींच्या व्याख्येत बसणारा. त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात योस्ट फाल नावाचे अभियंते गल्ल्या वाकड्या करत होते, मध्ये झाडं लावत होते, डांबराच्या जागी विटा बसवत होते. अशा गल्लीला डच भाषेत 'वोनएर्फ' म्हणतात. 'एर्फ' म्हणजे अंगण. १९७६ साली तिला कायद्याची मान्यता मिळाली : चालणाऱ्याने सगळी रुंदी वापरावी, मुलांनी खेळावं, गाडीने चालण्याच्या वेगाने जावं. मराठी माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. वाड्याच्या चौकात सायकलवरून उतरून ती हातात धरून नेणारी पिढी अजून हयात आहे.

आपल्याकडे अंगणाची जागा स्पीडब्रेकरने घेतली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी पंचविसाच्या वेगाने अलगद ओलांडता येईल असा गोलसर उंचवटा. प्रत्यक्षात गल्लीत काय दिसतं? कुणीतरी रात्रीतून ओतलेला सिमेंटचा बोडका बांध, नाहीतर पिवळ्याकाळ्या रबराची पट्टी. तिचे दोन तुकडे निघालेले, उघडे पडलेले बोल्ट टायरची वाट बघत बसलेले. पट्टी आणि गटार यांच्यामध्ये वीतभर फट असते. सगळ्या दुचाक्या नेमक्या तिथून, वेग जराही कमी न करता, चालणाऱ्याच्या पायाला घासून जातात. रिक्षातल्या गरोदर बाईला आणि मणक्याच्या रुग्णाला मात्र प्रत्येक बांध मोजावा लागतो. जीव वाचवायला बांधलेल्या या उंचवट्यांवर माणसं मरतातही. हाही प्रमादच, फक्त सिमेंटचा.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला की मजा बघावी. आपल्या गेटसमोर स्पीडब्रेकर हवा, यावर एकमत. कोपऱ्यावरच्या गेटसमोर? "तिथे कशाला, उगाच ट्रॅफिक तुंबतं." निवेदन क्षेत्रीय कार्यालयात जातं, माजी नगरसेवक शब्द टाकतात, बांध होतो आणि शॉर्टकट शोधणारी वाहनं शेजारच्या गल्लीत वळतात. रुग्णवाहिका अडेल ही भीती खरी असते, पण ती शेजाऱ्याच्या स्पीडब्रेकरच्या वेळीच आठवते. आपल्या दारातला धोका दुसऱ्याच्या दारात ढकलणं याला कुणी हिंसा म्हणणार नाही, पण त्याला सुरक्षितताही म्हणता येणार नाही.

वाढत्या वाहनांनी गल्लीतून आणखी काय जातं, हे नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांवर मोजलं होतं. दिवसाला दोन हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सोळा हजार गाड्यांच्या रस्त्यावर एकही धड नाही, ०.९. त्यांचं 'लिव्हेबल स्ट्रीट्स' हे पुस्तक १९८१ साली आलं आणि पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीने त्यांचा जीव घेतला.

त्यांचीही 'वेळ आली होती' असं म्हणून गप्प बसता येईल. त्यापेक्षा, पुढच्या सभेत स्पीडब्रेकरचा अर्ज लिहिला जाईल तेव्हा त्यात बांधाचं नेमकं माप लिहा, आणि दोन ओळी शेजारच्या गल्लीसाठीही घाला.